'अंडर द कॉश': ब्रिटनमध्ये नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

ब्रिटनमध्ये नोकरी सुरू झाली की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत हा शब्दप्रयोग कानावर पडतोच. हॉस्पिटलच्या वॉर्डात, ऑफिसच्या कॉलवर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, आणि फुटबॉलच्या कॉमेंट्रीत तर हमखास. 'वी आर अ बिट अंडर द कॉश टुडे.' इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करताना हा सहसा भेटत नाही, त्यामुळे चांगले गुण घेऊन आलेली माणसंही पहिल्यांदा ऐकल्यावर थबकतात.

अर्थ एका ओळीत सांगता येतो: आपल्यावर जबरदस्त ताण आहे, चहूबाजूंनी काम किंवा संकट अंगावर येतंय आणि आपण कसंबसं तोंड देतोय. अर्थ समजला तरी एक प्रश्न उरतो. कोणी तुमच्याशी हे वाक्य बोलतं तेव्हा त्याला बहुतेक वेळा तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. कधी मदत, कधी थोडी सवड, कधी नुसतं 'खरंय बाबा'. ते काय हवंय हे ओळखता आलं आणि स्वतःला गरज पडेल तेव्हा हेच वाक्य नीट बोलता आलं, की इथल्या कामाच्या जागेत वावरणं बरंच सोपं होतं. म्हणून हा लेख शब्दकोशासारखा न लिहिता पायरी-पायरीने लिहितो आहे.

पायरी १: आधी कान तयार करा

उच्चार 'कॉश', म्हणजे 'पॉश'शी यमक जुळणारा. फोनवर, त्यातून बोलणारा उत्तर इंग्लंडचा असला, तर बऱ्याच जणांना 'कॅश' ऐकू येतं आणि विषय पैशांचा आहे असं वाटतं. 'अंडर द' हे दोन शब्द इतके भरभर उच्चारले जातात की 'अंड-द-कॉश' एवढंच कानी येतं.

कॉश म्हणजे आखूड, जड दंडुका. कोटाच्या बाहीत लपवता येईल एवढा, लाकडाचा, रबराचा किंवा चामड्यात शिसं भरलेला. एकोणिसाव्या शतकात वाटमाऱ्यांच्या हातात असायचा तसा. या शब्दाचं मूळ इंग्रजी कोशकार बहुधा रोमानी भाषेत शोधतात. तिथे 'कोश' किंवा 'कोश्त' म्हणजे काठी. रोमानी लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले आणि त्यांची भाषा आपल्याच भाषाकुळातली आहे. रोमानीतला 'कश्त' संस्कृत 'काष्ठ'पासून आलेला, आणि आपली 'काठी'ही त्याच घरातली. मित्राला म्हणायचा इंग्रजी 'पॅल' हाही रोमानीतूनच आलेला, मूळ अर्थ भाऊ. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. परक्या वाटणाऱ्या शब्दाचं गोत्र असं ओळखीचं निघालं की तो पुन्हा विसरायला होत नाही.

आता चित्र डोळ्यासमोर आणा. डोक्यावर दंडुका उगारलेला आहे आणि तुम्ही त्याच्या खाली आहात. यातून वापराच्या तीन गोष्टी आपोआप कळतात. ताण बाहेरून आलेला असतो. तो काही काळ सलग चालू असतो, एका क्षणाचा नसतो. आणि त्या वेळी तुम्ही बचावात असता, चढाईत नसता.

मराठीत याच्या सगळ्यात जवळ 'नाकी नऊ येणे' आणि 'जेरीस येणे'. 'टांगती तलवार' चालणार नाही, कारण तिथे संकट अजून कोसळलेलं नसतं. इथे ते चालू असतं. 'धारेवर धरणे' हेही वेगळं, त्यात कोणीतरी जाब विचारत असतं.

पायरी २: सामन्यात पाहा

हा शब्दप्रयोग सगळ्यात स्वच्छ दिसतो तो खेळात. माझ्या मते त्याचं उत्तम उदाहरण १९ मे २०१२ रोजी म्युनिकमध्ये झालेला, युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. बायर्न म्युनिक आपल्याच मैदानावर खेळत होता, समोर चेल्सी. बायर्नला त्या सामन्यात २० कॉर्नर मिळाले, चेल्सीला १. जवळजवळ सगळा खेळ चेल्सीच्या गोलसमोर चालला होता. ८३व्या मिनिटाला म्युलरने गोल केला. मग ८८व्या मिनिटाला चेल्सीला तो एकमेव कॉर्नर मिळाला आणि द्रोग्बाने त्यावर डोकं लावून बरोबरी साधली. जादा वेळेत बायर्नला पेनल्टी मिळाली, ती रॉबेनने मारली आणि चेकने अडवली. शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये चेल्सी ४-३ ने जिंकली. ही हकिगत इंग्रजीत सांगताना कोणीही म्हणेल, 'चेल्सी वर अंडर द कॉश ऑल नाइट.'

इथे थांबून एक गोष्ट मनात पक्की करा. चेल्सी रात्रभर अंडर द कॉश होती आणि जिंकली. म्हणजे या शब्दांत पराभव नाही, नालायकी तर अजिबात नाही. समोरून मारा चालू आहे आणि आपण उभे आहोत, एवढंच त्यात आहे. कामाच्या ठिकाणी हे वाक्य बोलायला आपली माणसं कचरतात, कारण त्यांना ते कमीपणाचं वाटतं. ब्रिटिश कानाला ते तसं ऐकू येत नाही.

क्रिकेटमधलं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं. जानेवारी २०२१, सिडनी कसोटी, पाचवा दिवस. भारतासमोर ४०७चं लक्ष्य, कर्णधार रहाणे ४ धावांवर सकाळीच बाद. पंतच्या ९७ आणि पुजाराच्या ७७ धावांनी थोडा वेळ आशा दाखवली, पण ते दोघे गेल्यावर मांडीचा स्नायू दुखावलेला विहारी आणि पाठ धरलेला अश्विन हेच दोघे मैदानात उरले. दोघांनी ४२ षटकांहून जास्त वेळ खेळून काढला, अंगावर चेंडू घेतले, आणि ५ बाद ३३४वर सामना अनिर्णित राखला. विहारीच्या २३ धावांना १६१ चेंडू लागले. तो पूर्ण वेळ भारत अंडर द कॉश होता.

याउलट २५ ऑगस्ट २०१९ची हेडिंग्ले कसोटी पाहा. नववा गडी पडला तेव्हा इंग्लंडला अजून ७३ धावा हव्या होत्या. स्टोक्सने फटके मारायला सुरुवात केली आणि बघता बघता काठी या हातातून त्या हातात गेली. ऑस्ट्रेलियाचा एक झेल सुटला, लायनच्या हातून धावबाद निसटला, आणि शेवटचा रिव्ह्यू आधीच वाया घालवल्यामुळे स्टोक्सविरुद्धचं पायचीतचं अपील फेटाळलं गेल्यावर दाद मागायला काही उरलं नव्हतं. त्या शेवटच्या तासात अंडर द कॉश होता तो ऑस्ट्रेलिया, धावफलकावर पुढे असूनही. फलकावर कोण पुढे आहे यापेक्षा मारा कोणावर चाललाय, याचं वर्णन हा शब्दप्रयोग करतो.

कानाचा सराव करायचा असेल तर रेडिओसारखा गुरू नाही. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी ३ वाजता सुरू होणारे फुटबॉल सामने टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत तशी बंदी आहे, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. त्यामुळे त्या वेळी बीबीसीचा रेडिओ फाइव्ह लाइव्ह लावा. चित्र नसल्याने समालोचकाला सगळं शब्दांत उभं करावं लागतं, आणि एखादा संघ दहा मिनिटं आपल्याच अर्ध्या भागात अडकला की 'कॉश' यायला वेळ लागत नाही. क्रिकेटवाल्यांसाठी 'टेस्ट मॅच स्पेशल' आहेच, १९५७ पासून चालू. दुपारभर भांडी घासताना, स्वयंपाक करताना कानावर पडू द्या.

पायरी ३: वाक्यात नीट बसवा

व्याकरण थोडंच आहे, पण चुकलं की लगेच कानाला खटकतं.

'द' कधीही गाळायचा नाही आणि त्याच्या जागी 'अ' किंवा 'माय' घालायचा नाही. अनेकवचन होत नाही. माणसं दहा असोत की शंभर, कॉश एकच.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा काळ म्हणजे 'वी'व बीन अंडर द कॉश ऑल वीक'. आधीपासून चालू आहे आणि अजून संपलेलं नाही, हे त्यातून कळतं. ताण सुरू होतोय हे सांगायचं तर 'कम': 'वी केम अंडर द कॉश आफ्टर लंच'. दुसऱ्यावर ताण आणायचा तर 'पुट': 'दे पुट अस अंडर द कॉश'. ताण कोणाकडून आला ते 'फ्रॉम'ने जोडा: 'अंडर द कॉश फ्रॉम द ऑडिटर्स'.

'व्हेरी अंडर द कॉश' कोणी म्हणत नाही. जोर द्यायचा तर 'रिअली' चालतं. पण प्रत्यक्षात तुम्हाला ऐकू येईल तो 'अ बिट'. हा 'अ बिट' अक्षरशः घेऊ नका. इथली माणसं मोठी गोष्ट लहान करून सांगतात. 'अ बिट अंडर द कॉश' म्हणणारी सिस्टर बहुधा पाच तास खुर्चीत बसलेली नसते.

आणि हे फक्त माणसं, संघ, कंपन्या, खाती यांच्याबद्दल. रक्तदाब वाढलेल्या पेशंटला, कुकरला किंवा पाण्याच्या पाइपला अंडर द कॉश म्हणता येत नाही.

पायरी ४: समोरच्याला काय हवंय ते ओळखा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

साताऱ्याहून आलेली एक मुलगी यॉर्कशरमधल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू झाली. सकाळच्या हँडओव्हरला रात्रपाळीची सिस्टर तिला म्हणाली, 'सॉरी लव्ह, वी'व बीन अंडर द कॉश सिन्स मिडनाइट, आय हॅवन्ट डन द फ्लुइड चार्ट्स फॉर बे थ्री.' ही 'ओके' म्हणाली आणि गप्प राहिली. सिस्टर क्षणभर थांबली, मग पर्स उचलून निघून गेली. संध्याकाळी मुलीने माझ्या बायकोला फोन केला. 'ताई, ती माझ्यावर रागावली का? मी काय चुकीचं बोलले?'

ती रागावली नव्हती. पण त्या एका वाक्यात तीन गोष्टी होत्या. माफी होती: काम अर्धवट राहिलंय, मला वाईट वाटतंय. कारण होतं: मध्यरात्रीपासून एवढी धावपळ झाली की जमलंच नाही, मी आळस केला नाही. आणि सोपवणं होतं: तीन नंबरच्या बेमधल्या पेशंटनी किती पाणी घेतलं, किती लघवी झाली, याची नोंद तुला भरायची आहे. या तिन्हींना उत्तर लागतं. नुसतं 'ओके' म्हटलं की ते कोरडं ऐकू येतं, आणि सोपवलेलं काम पोचलं की नाही हेही कळत नाही.

चांगलं उत्तर असं: 'नो वरीज, यू गेट ऑफ होम. आय'ल पिक दोज अप. एनीथिंग अर्जंट?' पहिल्या वाक्याने माफी स्वीकारली. दुसऱ्याने काम घेतलं. आणि शेवटचा प्रश्न कधीही विसरू नका. जी पाळी अंडर द कॉश गेली तिच्यात एखादी गोष्ट सांगायची राहून गेलेली असण्याची शक्यता जास्त, आणि ती बाहेर काढायची तुमची संधी तेवढीच. (आणि 'लव्ह' ऐकून दचकू नका. यॉर्कशरमध्ये बसचा ड्रायव्हरही तसंच म्हणतो. आपल्याकडे अनोळखी बाईला 'ताई' म्हणतात, तेवढाच त्यात जिव्हाळा.)

ऑफिसच्या ईमेलमध्ये मामला वेगळा. 'बिट अंडर द कॉश अॅट द मोमेंट, कुड वी पिक धिस अप नेक्स्ट वीक?' हा नकार आहे. सभ्य, तात्पुरता, पण नकारच. त्यावर लगेच 'जस्ट टू मिनिट्स' म्हणून मागे लागलात तर पुढच्या वेळी तो माणूस तुमचा मेल उघडायला उशीर करेल. 'ऑफ कोर्स, शॅल वी से ट्यूझडे?' असं लिहून तारीख ठरवून टाका. काम खरंच आज हवं असेल तर त्याची अडचण आधी मान्य करा आणि मग कारण व वेळ सांगा: 'आय नो यू आर अंडर द कॉश, बट द क्लायंट नीड्स धिस बाय फोर. इज देअर समवन एल्स आय कॅन आस्क?' शेवटचा प्रश्न त्याला सुटायची वाट देतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच तो स्वतः काम करून देतो.

तिसरा प्रसंग पॅन्ट्रीतला, किटली उकळायची वाट बघताना. 'हाउ आर थिंग्ज?' 'ओह, बिट अंडर द कॉश. यू?' इथे काहीच मागितलेलं नाही. उपाय सुचवू नका, वेळेचं नियोजन कसं करावं ते तर मुळीच सांगू नका. 'सेम हिअर' किंवा 'होप इट ईझेस ऑफ' पुरे.

पायरी ५: आता तुम्ही बोला

आपल्याकडे वरिष्ठाने काम दिलं की 'होईल सर', 'करते मॅडम' म्हणायचं आणि रात्री जागून पूर्ण करायचं, ही सवय रक्तात असते. ती मेहनत खरी आहे, तिचा मला आदर आहे. पण इथल्या मॅनेजरला तुमच्या गप्प बसण्यातून एकच गोष्ट कळते: या माणसाकडे अजून जागा आहे. म्हणून तो आणखी काम देतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं; त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

सांगायची पद्धत अशी. आधी शब्दप्रयोग, मग आकडा, मग प्रश्न. 'आय'म अ बिट अंडर द कॉश. आय'व गॉट थ्री रिपोर्ट्स ड्यू ऑन फ्रायडे. विच वन शुड गो फर्स्ट?' पहिल्या भागाने सूर सौम्य राहतो. दुसऱ्याने गोष्ट खरी आणि मोजता येण्यासारखी होते. तिसऱ्याने निर्णय मॅनेजरच्या अंगणात जातो, जिथे तो असायला हवा. नुसतं 'आय'म अंडर द कॉश' म्हणून थांबलात तर तो 'टेल मी अबाउट इट' म्हणून पुढे निघून जाईल. याचा अर्थ 'मला सांगा' असा नाही, 'माझंही तेच' असा आहे. आकडा आणि प्रश्न सोडू नका.

कुठे बोलायचं नाही तेही सांगतो. हा बोलीतला शब्दप्रयोग आहे. सहकारी, थेट मॅनेजर, ओळखीचा क्लायंट यांच्याशी तोंडी किंवा चॅटवर ठीक. नोकरीच्या अर्जात, मुलाखतीत, पेशंटच्या नोंदीत, दुर्घटनेच्या अहवालात, औपचारिक तक्रारीत नको. तिथे 'अंडर कन्सिडरेबल प्रेशर' किंवा सरळ 'हाय वर्कलोड' लिहा आणि सोबत तथ्य द्या: किती पेशंट होते, कितीजण पाळीवर होते, कोणतं काम किती वाजता राहिलं. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, तर हॉस्पिटलवरचा ताण मोजायची अधिकृत श्रेणीच आहे, 'ओपेल' १ ते ४. चौथी पातळी म्हणजे ताण कमाल. 'वी आर ऑन ओपेल फोर' हे मीटिंगमधलं वाक्य, 'वी आर अंडर द कॉश' हे त्याच मीटिंगनंतर जिन्यातलं.

आणखी एक. हा प्रयोग ब्रिटन-आयर्लंडचा. तुमच्या कॉलवर अमेरिकन असतील तर त्यांना कळेलच असं नाही. ते 'अंडर द गन' म्हणतात, विशेषतः मुदत जवळ आली की. मेलबर्न, सिडनी, ऑकलंडकडे असलेल्या आपल्या मंडळींना त्याच अर्थाने 'अंडर द पम्प' ऐकू येईल, आणि वरच्या पायऱ्यांमधलं बहुतेक सगळं त्यालाही लागू आहे.

पायरी ६: सारख्या दिसणाऱ्यांत घोळ नको

'अंडर'ने सुरू होणारे प्रयोग खूप, अर्थ भलतेच. 'अंडर द वेदर' म्हणजे बरं नाहीये. 'अंडर द हॅमर' म्हणजे लिलावात. 'अंडर द नाइफ' म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर. 'स्नोड अंडर' मात्र जवळचा, पण त्यात कामाचा ढीग आहे, मारा नाही. 'अप अगेन्स्ट इट' जवळजवळ तोच अर्थ देतो. 'फीलिंग द पिंच' फक्त पैशांच्या ओढाताणीसाठी.

वर्तमानपत्रात पैशांसाठीही 'अंडर द कॉश' येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमधली महागाई ११.१ टक्क्यांवर गेली. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर डिसेंबर २०२१च्या मध्यापर्यंत ०.१ टक्का होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ वर पोचला आणि घरांचे हप्ते भरणाऱ्यांची झोप उडाली. अशा काळात 'हाउसहोल्ड्स अंडर द कॉश' हा मथळा नवीन नसतो.

एक जोडशब्द मात्र गंभीरपणे लक्षात ठेवा, विशेषतः केअर होममध्ये किंवा वृद्धांच्या वॉर्डात काम करणाऱ्यांनी: 'केमिकल कॉश'. डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांना शांत ठेवण्यासाठी अँटिसायकोटिक औषधं देणं, याला टीकेच्या सुरात हे नाव आहे. २००९ साली प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी सरकारसाठी तयार केलेल्या अहवालात असा अंदाज दिला होता की वर्षाला सुमारे १,८०,००० डिमेन्शियाग्रस्तांना ही औषधं दिली जात होती आणि त्यामुळे सुमारे १,८०० जादा मृत्यू होत होते. त्यानंतर याबाबतचे नियम आणि लक्ष दोन्ही वाढलं. तर एखाद्या पेशंटच्या मुलीने तुम्हाला विचारलं, 'इज धिस अ केमिकल कॉश?', तर ती कामाच्या ताणाबद्दल बोलत नाहीये. आईला गुंगीत ठेवलंय का, असं ती विचारते आहे. हसून सोडून देऊ नका. तिचा प्रश्न नोंदवा आणि इनचार्ज सिस्टरला किंवा डॉक्टरला लगेच कळवा.

पायरी ७: हे शब्द कुठे अपुरे पडतात

'अंडर द कॉश' बाहेरच्या माऱ्याबद्दल बोलतो आणि मारा थांबेल असं गृहीत धरतो. आठवडा जातो, ऑडिट संपतं, हिवाळा सरतो. पण महिनोन्महिने तेच चालू राहिलं, झोप उडाली, कामावर जायच्या विचाराने पोटात गोळा यायला लागला, तर या वाक्यामागे लपू नका. ते सौम्य आहे आणि ऐकणारा ते सौम्यच ऐकणार. तेव्हा म्हणायचं वाक्य वेगळं: 'आय'म नॉट कोपिंग.' ब्रिटिश मॅनेजरच्या कानात हे वाक्य घंटेसारखं वाजतं, कारण यात ताणाची गोष्ट न राहता तुमची गोष्ट येते. शक्य असेल तर ते लेखीही पाठवा.

हे बोलायची भीती वाटते हे मला माहीत आहे. व्हिसा मालकाच्या नावावर, घरी कर्ज, आईवडील फोनवर 'सगळं ठीक ना?' विचारणारे. म्हणून कायदा काय म्हणतो तेवढं माहीत असू द्या. १९७४च्या हेल्थ अँड सेफ्टी अॅट वर्क कायद्याखाली कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची जबाबदारी मालकावर आहे आणि त्यात मानसिक ताणही येतो. हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ही सरकारी संस्था ताणाची कारणं सहा मथळ्यांखाली बघायला सांगते: कामाचा बोजा, कामावरचा तुमचा ताबा, मिळणारा आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल. मॅनेजरशी बोलायला बसाल तेव्हा या सहापैकी तुमचं दुखणं कशात आहे ते आधी कागदावर लिहून न्या. बोलणं रडगाण्यात जात नाही. १९९८च्या वर्किंग टाइम नियमांनुसार सरासरी आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम तुमच्या लेखी संमतीशिवाय करवून घेता येत नाही. ही सरासरी साधारणपणे १७ आठवड्यांची धरतात आणि दिलेली संमती मागे घेता येते. हॉस्पिटलात असाल तर ऑक्युपेशनल हेल्थकडे पाठवायला सांगा. युनियन असेल तर आधीच सभासद व्हा, अडचण आल्यावर नको. आणि काहीच नसेल तर नोकरीच्या हक्कांबद्दल मोफत सल्ला देणारी 'एकॅस'ची हेल्पलाइन आहे.

सुट्टी लागलीच तर सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, स्वतःच फॉर्म भरता येतो. त्यापुढे 'फिट नोट' लागते. ती जीपी, म्हणजे तुमचा नेहमीचा डॉक्टर, देतो, आणि जुलै २०२२ पासून नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टही देऊ शकतात. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात 'वर्क-रिलेटेड स्ट्रेस' असं साफ लिहा, सर्दी-ताप लिहू नका. खरं कारण कागदावर नसेल तर पुढे मदत मागताना दाखवायला तुमच्या हातात काही राहत नाही.